कवनाच्या उरलेल्या दोन ओळी

झब्दास न्हाव्याचं दुकान अँटिओकच्या मोठ्या रस्त्यावर, खांबांच्या ओळीखाली, हमामखान्याला लागून होतं. दुकान हा शब्द मी मैत्रीपोटी वापरतो आहे. दोन खांबांमधली जागा, एक डुगडुगती तिवई, भिंतीला टांगलेली हत्यारांची धोकटी आणि एक पितळी आरसा. त्या आरशात धडधाकट माणसालाही आपण आठवडाभर तापाने पडून आहोत असं वाटे. हातही काही हलका नव्हता. झब्दास बोलत बोलत हजामत करी, आणि बोलण्याला रंग चढला की वस्तरा हवेत हातवारे करू लागे. गिऱ्हाईक जीव मुठीत धरून हसायचं. हनुवटीवर रक्ताचा ठिपका आणि तोंडावर हसू घेऊन कोणी चाललेला दिसला की तो झब्दासकडून आला हे सांगायला ज्योतिषी लागत नसे.

तरी गर्दी त्याच्याचकडे. शेजारच्या खांबाखाली एक फार सफाईदार हाताचा न्हावी बसायचा, तो माशा मारायचा. आमच्या शहरात माणूस न्हाव्याकडे जातो तो काल कोणाची फजिती झाली हे ऐकायला. हनुवटी आपली निमित्ताला.

आम्ही थट्टेखोर आहोत हे शत्रूंनी सांगायला नको, आमचं आम्हीच सांगतो. नवा सुभेदार आला की त्याचं सामान गाड्यावरून उतरायच्या आत त्याच्या नाकावर गाणं तयार असतं. नव्या वर्षाच्या सणात तर विचारूच नका. मुखवटे लावून टोळकी दारोदार फिरतात आणि ज्याच्या दारात थांबतील त्याच्यावर कवन म्हणतात. त्या दिवसांत कोणी रागवायचं नाही. ज्याच्यावर कवन झालं त्याने उलट कवन करून द्यायचं, आणि ते मिळालं की पहिलं कवन करणाऱ्याने त्याला घरी बोलावून स्वतःच्या हाताने वाढायचं. संपलं. उलट कवन येईपर्यंत मात्र पहिलं कवन उघडं राहतं, आणि तोवर दोघं एका पंगतीला बसत नाहीत. माझी सासू आणि तिची धाकटी बहीण अशा एका उघड्या कवनापायी समोरासमोर राहून म्हाताऱ्या झाल्या. चर्चमधले उपदेशक या सगळ्यावर दरवर्षी कडाडून बोलतात. आम्ही मान खाली घालून ऐकतो आणि बाहेर पडताना उपदेशकांवर कवन जुळवतो.

एक गोष्ट मात्र परगावच्या माणसाच्या डोक्यात कधी शिरत नाही. कवन करायचं ते आपल्या माणसावर. परक्यासाठी कोण एवढी मेहनत घेईल?

कवनांत झब्दासचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी सांगतोय याला वजन आहे, कारण मी नाटकमंडळीला हसण्याचे प्रसंग लिहून देतो आणि त्यावर पोट भरतो. झब्दास मला ‘नाटक्या’ म्हणायचा. माझं नवं कवन ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा, आणि कुठे अडखळलं की चामखिळीवर वस्तरा अडकल्यासारखं तोंड करायचा. “तिसरी ओळ, लेका,” म्हणायचा. “तुझी तिसरी ओळ नेहमी लंगडते. पहिल्या दोन ओळी तुला देव देतो, चौथी यमक देतं. तिसरी स्वतःला करावी लागते.”

अशा माणसाच्या पोटी अबीबोस जन्मला.

झब्दास आणि मार्थानावहिनींना तो फार उशिरा झाला, एकुलता एक. देखणा, उंच, आणि गप्प. बोलण्याआधी विचार करणारा त्या घरातला हा पहिलाच माणूस. त्याचा विचार पुरा होईपर्यंत बापाचे चार विनोद होऊन जायचे, मग तो तोंड मिटायचा. पोरगा रडत आला की झब्दास हसवायचा, पोरगा रुसला की झब्दास हसवायचा. दुसरा इलाजच त्याला ठाऊक नव्हता. एकदा, असेल आठ-नऊ वर्षांचा, अबीबोस मला म्हणाला होता, “काका, बाबांना गंमत सोडून बोलायला लावाल का? मला एक विचारायचंय.” काय विचारायचं होतं ते त्याने मला सांगितलं नाही. मी झब्दासला निरोप दिला, त्याने त्यावरही एक विनोद केला, आणि मी हसलो.

मग त्या उन्हाळ्यात सम्राट शहरात आला. जुन्या देवांचा भक्त, भाजीपाल्यावर राहणारा, गवताच्या गादीवर निजणारा, रथांच्या शर्यतीत जांभया देणारा. आणि दाढीवाला! इतकी वर्षं आमच्या नाण्यांवर सगळे सम्राट गुळगुळीत हनुवटीचे होते. हा एखाद्या तत्त्वज्ञासारखी छातीपर्यंत दाढी सोडून आला. त्या वर्षी पाऊस नव्हता, धान्य महाग, लोक चिडलेले, आणि त्यात ही दाढी. शहराला जणू मेजवानी मिळाली.

अबीबोसला मात्र तो माणूस आवडला. जे बोलतो ते करतो, म्हणाला. आणि फौजेत नाव घालून आला. पानगळीच्या सुमाराला सुट्टीवर घरी आला तेव्हा मी तिथेच तिवईवर बसलो होतो, अर्धी हनुवटी झालेली. झब्दासने वर पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. असं तो कधी करत नसे.

“हे काय?”

“दाढी.”

“ते दिसतंय मला. कोणाची?”

“माझीच, बाबा.”

“सबंध रस्त्याने असाच आलास? लोकांनी बघितलं? अरे, वैद्याचा मुलगा मेला तर लोक समजून घेतात, पण न्हाव्याचा मुलगा असा फिरला तर माझ्याकडे कुत्रं तरी येईल का भादरून घ्यायला?”

वहिनी पडद्याआडून बाहेर आल्या. “राहू द्या हो. थंडीत तेवढीच ऊब.”

“ऊबच हवी तर गोधडी घे म्हणावं! बस रे इथे. नाटक्या, ऊठ तू.”

“मी काढणार नाही,” अबीबोस म्हणाला. “बाबा, मी मनापासून ठेवलीय. मी देवळात जातो आता, सम्राट जातात तिथे. आईला वाईट वाटेल ठाऊक आहे. तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं होतं.”

“बोल की! त्या झाडीतून आवाज बाहेर आला तर ऐकतो.”

मी हसलो, रस्त्यावरची दोन माणसं हसली. अबीबोस हसला नाही. तो आईपाशी गेला, तिच्या हातचं वाटाण्याचं कालवण जेवला, आणि छावणीत परतला. झब्दासने माझी उरलेली अर्धी हनुवटी एक शब्द न बोलता केली. त्याच्या हातून रक्त न येता झालेली माझी ती एकच हजामत.

नव्या वर्षाच्या सणाला अबीबोस पुन्हा घरी आला. झब्दासने त्याच्यासाठी कवन करून ठेवलं होतं. कित्येक दिवस खपला होता बिचारा. मला म्हणाला, “नाटक्या, मला सरळ बोलता येत नाही. पण यात सगळं घातलंय. त्याने उलट दोन ओळी जरी केल्या ना, वाकड्यातिकड्या, तरी मी त्याला पानावर बसवीन आणि मग तोंड बंद ठेवून ऐकेन. रात्र झाली तरी. दाढीचं काही म्हणणार नाही.”

सणाच्या सकाळी तो दुकानापुढे उभा राहिला, ढोलकं काखेत, समोर पोरगा. भोवती गिऱ्हाइकं, हमामखान्यातून निघालेली ओली माणसं, भाजलेले हरभरे विकणारे. झब्दासने सुरुवात केली:

दाढीचं हे रान दाट, मेंढ्या शिरल्या चरायला,
धनगर उभा रडत, वाट नाही फिरायला.

आणि हसण्याचा जो कल्लोळ झाला! लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. कोणी डोळ्यांतलं पाणी पुसलं. “दाढीचं रान! अरे, मेंढ्या!” आणि ते वेडं टोळकं तिथूनच, त्याच दोन ओळी ओरडत, नदीतल्या बेटावरच्या राजवाड्याकडे निघालं. शहरात दाढी म्हणजे एकच दाढी होती, सम्राटाची. दुसऱ्या कोणाची दाढी कोणाच्या डोक्यात येणार?

उरलेल्या दोन ओळी झब्दासने म्हटल्या. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आल्या:

रानातल्या कोकरा रे, ये ना बाहेर जेवायला,
बाप बसलाय दाराशी, वस्तरा लागला गंजायला.

अबीबोसला त्या ऐकू गेल्या नाहीत. त्या गोंधळात कोणाला काय ऐकू जाणार? त्याचा चेहरा लालभडक झाला होता. तो आत जाऊन आईच्या पाया पडला आणि मागच्या दाराने निघून गेला.

संध्याकाळपर्यंत त्या दोन ओळी घोड्यांच्या मैदानावर, मासळीबाजारात, नदीवरच्या धोब्यांत, सगळीकडे पोचल्या. त्यांना चाल लागली. आणि आता झब्दासचा दोष सांगायलाच हवा, कारण मेलेल्या माणसाला साधुसंत करून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला ते आवडलं. कसं आवडणार नाही? आयुष्यभर दोन खांबांमध्ये बसून कवनं केली, आणि आता अख्खं शहर गातंय! “कोणाचं रे हे?” असं कोणी विचारलं की तो वस्तरा पुसत मान खाली घालून असा काही हसायचा की आंधळ्यालाही उत्तर कळावं. गाणाऱ्यांची हजामत फुकट. वहिनी म्हणाल्या, “अहो, सांगा ना लोकांना, पोराची थट्टा होती म्हणून.” तो म्हणाला, “सांगू गं. जरा ओसरू दे.”

ते ओसरायच्या आत सम्राटाने उत्तर दिलं.

राजवाड्यासमोर हत्तींची कमान आहे, तिथे फळ्यांवर भलामोठा लेख लागला. शहर लोटलं. आम्हाला वाटलं फर्मान असेल, मुंडकी उडणार. वाचणारा वाचू लागला आणि आम्ही चक्रावलो. सम्राट स्वतःचीच टर उडवत होता! स्वतःचं तोंड, स्वतःची दाढी, स्वतःचं रूक्ष जेवण. मी किती गबाळा, मी किती कंटाळवाणा, आणि अहो अँटिओककर, तुम्ही किती रसिक, किती गुळगुळीत, किती सुखी. हसता हसता आमच्या लक्षात येऊ लागलं की हसण्यासारखं फारसं नाही. प्रत्येक वाक्यात एक काटा होता, आणि काट्याच्या मागे एक माणूस होता. त्याला आम्ही खरोखर दुखवलं होतं. तो आमच्यातला नव्हता ना! त्याला कवन म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मधेच, माझे हे लोक माझ्याविषयी काय गातात पाहा, म्हणून त्या दोन ओळी.

“झब्दास!” मासळीवाला थालासिओस गर्दीतून ओरडला. “लेका, तुला सम्राटाचं उलट कवन आलं! आता त्याला जेवायला बोलाव. पालेभाजीच कर, त्याला मांस चालत नाही!”

सगळे हसले. झब्दासही हसायला तोंड उघडत होता. मग त्याचं लक्ष कमानीकडे गेलं. फळ्यांच्या दोन्ही बाजूंना शिपाई उभे होते, भाले धरून, नजर सरळ. डावीकडून दुसरा शिपाई अबीबोस होता. सकाळपासून तो तिथे उभा होता. लेख पुन्हा पुन्हा वाचला जात होता, पुन्हा पुन्हा त्या दोन ओळी येत होत्या, पुन्हा पुन्हा लोक हसत होते, आणि त्याला हलायची परवानगी नव्हती.

झब्दास गर्दीत हात उंचावून काहीतरी खुणा करू लागला. स्वतःच्या हनुवटीकडे बोट, मग त्याच्याकडे बोट. बघणाऱ्यांना वाटलं, नक्कल करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वसंताच्या तोंडावर फौज पूर्वेकडे निघाली, इराण्यांवर. जाताना सम्राट म्हणाला म्हणे, या शहरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. झब्दासने दुकान बंद केलं आणि टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. टोपलीत भाकरी, सुके अंजीर, वहिनींचं कालवण मडक्यात. मी सोबतीला होतो. अबीबोसची तुकडी विश्रांतीला थांबली तेव्हा आम्ही त्याला गाठलं. दाढी आणखी वाढली होती. खरं सांगायचं तर त्याला शोभत होती.

“अरे, ते कवन तुझ्यावर होतं,” झब्दास घाईघाईने म्हणाला. “सम्राटाचा काय संबंध! तुझ्या दाढीवर होतं रे, वेड्या. पुढे आणखी दोन ओळी आहेत.”

अबीबोसने विचार केला, नेहमीसारखा. झब्दास या वेळी थांबला. थांबलेला मी पाहिला.

“मग लोक गात होते तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगणार होतो.”

“आई म्हणाली होती ना तुम्हाला?”

“म्हणाली होती.”

“तुम्हाला टाळ्या आवडल्या, बाबा.” आवाज चढलेला नव्हता. “मी तिथे भाला धरून उभा होतो. तो माणूस महिनोन् महिने या शहराच्या भल्यासाठी राबला. त्याला वाटतं अख्खं शहर त्याचा तिरस्कार करतं. आणि ते माझ्या दाढीमुळे. हे मी त्याला जाऊन सांगू का? कोण ऐकेल?”

“दोन ओळी ऐक तरी. उरलेल्या.”

शिंग वाजलं. अबीबोसने टोपली घेतली. “आईला सांगा, कालवण मिळालं.” एवढं म्हणून तो रांगेत शिरला. झब्दास त्याच्या बाजूने धावू लागला, धापा टाकत, म्हणू लागला, “रानातल्या कोकरा रे...” आणि शेजारच्या शिपायांना वाटलं म्हातारा फौजेची टिंगल करतोय. एकाने भाल्याच्या दांड्याने त्याला बाजूला सारलं. दुखापत नाही झाली. पण तो तिथेच बसला, धुरळा खाली बसेपर्यंत.

त्यानंतर झब्दास सगळ्यांना सांगत सुटला. गिऱ्हाइकाला तिवईवर बसवायचा आणि सांगायचा की ते कवन माझ्या पोरावर होतं. गिऱ्हाईक डोळा मारायचं. “हो हो, पोरावर! शहाणाच आहेस. सम्राट लांब गेलाय, पण कान इथेच आहेत, नाही का?” पल्लादिओस नावाचे एक शाळामास्तर त्या लेखाची प्रत करून घेत होते. झब्दास त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, “मास्तर, एवढ्या दोन ओळी कडेला लिहून ठेवा.”

मास्तर भला माणूस. त्यांनी दोन्ही ओळी ऐकल्या, चांगल्या आहेत म्हणाले. मग डोकं हलवलं. “झब्दास, हे सम्राटाचं लिखाण आहे. त्याने जे ऐकलं ते त्याने लिहिलं. त्यात मी माझ्या हाताने भर घातली तर उद्या कोणीही काहीही घालील. आपण सगळे गेल्यावर लोक या शहराबद्दल हेच वाचणार आहेत, म्हणून तर ते जसंच्या तसं राहायला हवं.”

“म्हणजे आम्ही सगळे तसेच राहणार? त्याचा द्वेष करणारे?”

“लिहिलंय तसे,” मास्तर म्हणाले.

उन्हाळा संपता संपता बातमी आली की सम्राट इराणात मारला गेला. आमचं शहर किती गोड आहे याची मी इतका वेळ बढाई मारली, तर हेही सांगतो: लोक नाचले. नाटकगृहात, चर्चच्या दारात, रस्त्यात. आणि मग कोणाला तरी आठवलं, अरे, ते दाढीचं कवन करणारा कुठाय? त्यांनी झब्दासला दुकानातून उचललं आणि खांद्यावर घेतलं. तो ओरडत होता, “माझा मुलगा तिकडे आहे! अरे, सोडा, माझं पोर तिकडे आहे!” मोठ्या चौकात त्याला एका ओट्यावर उभं केलं. “म्हण! म्हण!”

झब्दासने तोंड पुसलं. गर्दी शांत झाली. इतकी शांतता त्याला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्याने पहिल्या दोन ओळी म्हटल्याच नाहीत. उरलेल्या दोन म्हटल्या. कोकरू, जेवण, दाराशी बसलेला बाप, गंजलेला वस्तरा. आवाज फाटला होता.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, “सम्राटाला कोकरू म्हणतोय!” आणि हशा असा फुटला की कबुतरं उडाली.

झब्दास माझ्या घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. माझ्या बायकोने त्याला सूप दिलं, ते तो प्याला. “नाटक्या,” म्हणाला, “आयुष्यभर हसवलं रे मी यांना. आता मला थांबवता येत नाही.”

थंडीच्या तोंडावर फौज परत आली. फौज म्हणजे जे उरलं होतं ते. आमच्या रस्त्यावरून ती माणसं चालत गेली तेव्हा कोणी गाणं म्हटलं नाही, एवढी लाज आमच्यात होती. झब्दास आणि वहिनी रोज पूर्वेच्या वेशीवर उभे राहत. मी मात्र खाणावळींतून हिंडलो, कारण शिपाई वेशीपेक्षा खाणावळीत जास्त सापडतो. तिथे मला मोरितास भेटला. गॉल देशाचा, पिंगट केसांचा, मोठ्या हाडांचा, त्या हाडांवर आता फारसं काही नव्हतं. आमची भाषा त्याला तुटकीफुटकी येत होती.

“अबीबोस,” तो म्हणाला. “हो. माझा जोडीदार.”

नाव ऐकून त्याने चमचा खाली ठेवला. मोठी नदी ओलांडायची होती. होड्या नव्हत्या, अन्न नव्हतं. फुगवलेल्या कातडी पखाली धरून माणसं पाण्यात उतरली. “एक पखाल. मी, तो. मधे फुटली.” त्याने दोन्ही हात पुढे केले आणि बघत राहिला. “मी आलो.”

मी त्याचा चमचा उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. मग विचारलं, घरचं काही बोलायचा का?

“आईचं. आईचं वाटाण्याचं. फार.”

“आणि बापाचं?”

मोरितासने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “बापाचं नाही. शिपाई दाढीचं गाणं म्हणत, तर तो उठून जायचा. खेचरांपाशी बसायचा.”

माझ्या धंद्यात खोटं बोलण्याचा मोबदला मिळतो. मी दुसरा वाडगा मागवला आणि तिथेच बाकावर बसून चार ओळी जुळवल्या. मग त्या गॉलला शिकवायला घेतल्या. अरे देवा! त्याच्या जिभेवर आमचे शब्द असे चालत जसा बैल जिन्यावर. ‘कोकरू’ त्याला म्हणताच येईना. खाणावळवाली आमच्याकडे बघून हसत होती. एकदा तर तो स्वतःही हसला, आणि लगेच हाताने तोंड झाकलं.

“हे त्याने नाही म्हटलं,” तो अखेर म्हणाला.

“नाही.”

“म्हातारा रडेल?”

“रडेलच. पण त्याचं कवन उघडं आहे रे, मोरितास.” हे त्याला काय समजणार. पण तो उठला आणि माझ्याबरोबर आला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि तो काही बोलायच्या आधीच खाली बसल्या. त्याने नदीचं सांगितलं. पखालीचंही सांगितलं, ते मी वगळ म्हणालो होतो. झब्दास उभाच होता. मग मोरितास सरळ झाला, शिपाई हुकूम सांगतो तसा, आणि म्हणाला, “तो हे म्हणाला. बाबांना सांग, म्हणाला.”

बाबा, रान विरलं सारं, कोकरू निघालंय घरी,
वस्तऱ्याला लावा धार, बसा येऊन पायरीवरी;
आईला म्हणावं मला खरंच खूप भूक लागली आहे, पान वाढा,
एक घास तिच्या हातचा, मग खुशाल दाढी काढा.

तिसऱ्या ओळीला झब्दासने डोळे मिटले आणि चामखिळीवर वस्तरा अडकल्यासारखं तोंड केलं. डोळे उघडले तेव्हा तो गॉलकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “आपल्या अबीबोसने केलं हे? खरंच?”

 झब्दासने विचार केला. विचार करून बोलायची वेळ त्याच्यावर यापूर्वी फारशी आली नव्हती.

“मग?” तो म्हणाला. “पोरगा कोणाचा?”

“पुन्हा म्हणा हो, दादा,” वहिनींनी मोरितासला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं. त्या ओठ हलवत होत्या. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या त्याच्याबरोबर म्हणत होत्या, आणि रडत होत्या, आणि थोडंसं हसतही होत्या, ‘खरंच खूप भूक’ला.

“मार्थाना, पान मांड,” झब्दास म्हणाला. “उत्तर आलंय.” त्याने मोरितासला भिंतीजवळच्या जागेवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. वाढताना एकही विनोद केला नाही. तो गॉल एका हाताने खात होता आणि दुसऱ्याने डोळे पुसत होता.

मी निघालो तेव्हा झब्दास दारापर्यंत आला. माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं. मला वाटलं, आता तिसऱ्या ओळीचं बोलणार. तो वळला आणि आत गेला.

पुढे फार जगला नाही तो. दुकानात शेजारचा सफाईदार न्हावी आला, आता तिथे कोणाचं रक्त निघत नाही. सम्राटाच्या लेखाच्या प्रती शाळाशाळांतून आहेत. मुलं त्या दोन ओळी घोकतात आणि अँटिओकचे लोक किती कुजके होते हे लिहितात. वहिनी आहेत अजून. हौदावर पाणी भरताना त्या दुसरं कवन म्हणतात, आणि बायका विचारतात कोणाचं, तर सांगतात, माझ्या मुलाचं.

तिसरी ओळ मला परवा सुचली. चांगली, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. झब्दासनेही मान डोलावली असती. ती मी कोणाला म्हणून दाखवलेली नाही. वहिनींच्या तोंडी लंगडीच बसली आहे.